चेनसॉच्या पेट्रोलमध्ये ऑइल किती टाकायचं? नवीन मशीन घेणाऱ्यांसाठी

नवीन चेनसॉ घेतला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, लिटरला ऑइल किती टाकू? गावात विचाराल तर तीन जण तीन उत्तरं देतात. एक म्हणतो वीस मिली, दुसरा म्हणतो चाळीस, तिसरा सांगतो दोन बुचं टाक रे काही होत नाही. यातले पहिले दोघं आपापल्या मशीनपुरते बरोबर असू शकतात, तिसऱ्याचं मात्र अजिबात ऐकू नका.

आमच्याकडे श्रीवर्धनच्या बाजूला 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं आणि एका दुपारीत वाड्या आडव्या झाल्या, नारळ, सुपारी, आंबा, फणस सगळं एकमेकांवर. कुऱ्हाड आणि करवतीने ते आवरणं शक्यच नव्हतं, म्हणून ज्याला जमलं त्याने मशीन घेतली, कुणी नवीन, कुणी जुनी, कुणी दोघांत मिळून. मशीन हातात आली पण शिकवणारं कुणी नव्हतं. माझ्या चुलत भावाने पंधरा दिवसांत मशीन जाम करून घेतली. पडवीत दोन सारखे पांढरे कॅन होते, एकात मोटरसायकलचं साधं पेट्रोल आणि एकात मिक्स, म्हणजे ऑइल टाकलेलं पेट्रोल, आणि घाईत साधं भरलं गेलं. दहा-पंधरा मिनिटं मशीन छान चालली, उलट नेहमीपेक्षा जोरात चालल्यासारखी वाटली, मग आवाज एकदम बारीक होत गेला आणि मशीन बंद. थोडं थांबून याने दोरी ओढली, परत ओढली, जोर लावून ओढली. मेकॅनिकने सिलिंडर काढून दाखवला तेव्हा पिस्टनच्या सायलेन्सरकडच्या बाजूला विळीवर घासल्यासारखे उभे ओरखडे होते, वरपासून खालपर्यंत. पिस्टन, रिंग, सिलिंडर सगळंच नवीन. तेव्हापासून माझ्याकडे कुणी विचारायला आलं की मी सगळं पहिल्यापासून सांगतो, म्हटलं एकदा लिहूनच काढावं.

ऑइल का टाकायचं हे आधी समजून घ्या

मोटरसायकलच्या इंजिनात खाली वेगळं ऑइल असतं, तेच फिरत राहतं, ठरावीक किलोमीटरनंतर आपण बदलतो. चेनसॉचं इंजिन टू-स्ट्रोक, त्यात खाली ऑइल साठवायला जागाच नाही, कारण पेट्रोल आणि हवा आधी क्रँकच्या खोलीत येते आणि तिथून वर सिलिंडरमध्ये जाते. म्हणजे क्रँकचं बेअरिंग, कनेक्टिंग रॉड, पिस्टन, रिंग या सगळ्यांना वंगण मिळायची वाट एकच, पेट्रोलबरोबर येणारं ऑइल. हे ऑइल काम करून जळून बाहेर जातं, परत येत नाही. त्यामुळे दर थेंब पेट्रोलबरोबर ऑइल यायलाच हवं, "काल जास्त टाकलं होतं, आज नाही टाकलं तरी चालेल" असं होत नाही.

शिवाय हे इंजिन छोटं असलं तरी फुल रेसवर मिनिटाला दहा-बारा हजार फेरे मारतं, आणि त्याला थंड करायला फक्त फ्लायव्हीलच्या पात्यांचा वारा. म्हणून ऑइलची मात्रा आणि ऑइलची जात, दोन्ही बघायच्या.

पहिलं काम: मशीनवर काय लिहिलंय ते वाचा

पेट्रोलच्या टाकीच्या झाकणावर, नाहीतर झाकणाशेजारी, 1:50 किंवा 25:1 किंवा 40:1 असं काहीतरी लिहिलेलं असतं. आकडे उलटसुलट लिहितात, 1:50 आणि 50:1 यात फरक काही नाही, पन्नास भाग पेट्रोल आणि एक भाग ऑइल. मशीनबरोबर आलेलं पुस्तक फेकू नका, त्यात याहून जास्त लिहिलेलं असतं आणि खरी गोष्ट तिथेच आहे.

उदाहरण सांगतो. हुस्कवर्ना कंपनीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं की त्यांचं स्वतःचं किंवा त्याच तोडीचं ऑइल असेल तर 50:1, पण जासो एफबी (जासो हे ऑइलच्या दर्जाचं जपानी मानक) दर्जाचं दुसरं एअर-कूल्ड टू-स्ट्रोक ऑइल असेल तर 33:1. स्टिल कंपनीच्या पुस्तकांतही असंच, त्यांच्या ऑइलला 1:50 आणि दुसऱ्या साध्या टीसी दर्जाच्या ऑइलला 1:25. म्हणजे एकाच मशीनला वीस मिली पण बरोबर आणि चाळीस मिली पण बरोबर, ऑइल कोणतं आहे त्यावर ते ठरतं. गावातला वाद इथेच मिटतो. माप एकट्या मशीनचं नसतं, मशीन आणि ऑइल या जोडीचं असतं. कुणी तुम्हाला आकडा सांगितला तर लगेच विचारा, मशीन कोणती आणि ऑइल कोणतं.

बिनब्रँडच्या किंवा स्वस्तातल्या 52 सीसी, 58 सीसी मशीन येतात त्यांच्यावर बरेचदा 25:1 असतं. ते असू दे. तिथे हुशारी करून 50:1 करू नका, निदान चांगलं ऑइल आणि जाणता मेकॅनिक सोबत नसेल तर नाहीच.

दुसरं काम: ऑइल कोणतं

डब्यावर जासो असं लिहिलेलं बघा आणि पुढची दोन अक्षरं बघा. एफबी, एफसी, एफडी. एफबी बेसिक, एफसी कमी धुराचं, एफडी त्याहून स्वच्छ जळणारं, सिलिंडर आणि सायलेन्सरमध्ये कार्बन कमी धरतं. चेनसॉला माझ्या मते एफडी घ्या, लिटरमागे पडणारा फरक काही रुपयांचा आणि पिस्टनचं बिल काही हजारांचं.

काय टाकू नये हे जास्त महत्त्वाचं. मोटरसायकलचं फोर-टी इंजिन ऑइल अजिबात नाही, ते जळण्यासाठी बनलेलंच नाही. जळकं, वापरलेलं ऑइल तर मुळीच नको, त्यात धातूचा चुरा असतो. आणि आमच्या किनाऱ्यावर एक खास चूक होते ती म्हणजे होडीच्या ओबीएम मशीनचं, म्हणजे होडीला मागे बाहेरून लावतात त्या इंजिनाचं ऑइल, ज्याच्या डब्यावर टीसी-डब्ल्यू3 लिहिलेलं असतं. घरात होडी असते, ऑइल शिल्लक असतं, टू-स्ट्रोकच तर आहे म्हणून टाकतात. पण होडीचं इंजिन पाण्याने थंड होतं, त्याचं तापमान कमी असतं, ते ऑइल त्या हिशोबाने बनवलेलं. चेनसॉच्या तापलेल्या सिलिंडरला ते पुरत नाही. दर्यावर ते उत्तम ऑइल आहे, चेनसॉत नाही.

जुन्या राजदूत, लूनाच्या काळातले लोक सांगतात आम्ही पंपावरचं सुटं टू-टी ऑइल टाकायचो आणि गाडी वीस वर्षं चालली. चालली असेल, पण ती गाडी रस्त्याच्या वाऱ्यात, निम्म्या फेऱ्यांवर चालत होती. फणसाच्या बुंध्यात दहा मिनिटं फुल रेसवर अडकलेल्या मशीनशी तिची तुलना नको.

तिसरं काम: आकड्याचे मिली करा

हिशोब एकदम सोपा. 1000 ला त्या आकड्याने भागा, लिटरला किती मिली ते उत्तर येतं. 50:1 म्हणजे 20 मिली. 40:1 म्हणजे 25 मिली. 33:1 म्हणजे 30 मिली. 25:1 म्हणजे 40 मिली. मी कॅनवर मार्करने हेच लिहून ठेवलंय, "5 लि. ला 100", कारण सकाळी सहाला वाडीत जायच्या घाईत कुणी भागाकार करत नाही.

मोजायला मेडिकलमधून 50 मिलीची सिरिंज आणा, सुई नको, नुसती नळी. औषधाच्या बाटलीचं झाकण, ऑइलच्या डब्याचं बूच, अंदाजाने धार, यातलं काही नको, बुचाबुचात फरक असतो. दुसरा रस्ता म्हणजे 100 मिलीची छोटी बाटली मिळते ती घ्या, ती पाच लिटरला पूर्ण ओतली की 50:1, चार लिटरला ओतली की 40:1, अडीच लिटरला ओतली की 25:1.

इथे एक चूक खूप जण करतात, पंपावर लिटरमध्ये न मागता रुपयांत मागतात. "पाचशेचं द्या" म्हटलं की भाव शंभराच्या वर असल्यामुळे पाच लिटर भरतच नाही. ऑइलचं माप पाच लिटरचं आणि पेट्रोल पावणेपाच, यात मशीनचं काही वाईट होत नाही, मिक्स किंचित जाड होतं एवढंच, पण सवय चुकीची लागते, उद्या हजारचं घ्याल आणि ऑइल पाच लिटरचंच टाकाल. लिटरमध्येच मागा. आणि पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत पेट्रोल घेऊ नका, पेट्रोलसाठीचा जाड प्लास्टिकचा नाहीतर धातूचा कॅन घ्या, झाकण घट्ट बसणारा.

जास्त टाकलं तर बरंच ना?

हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. एका मर्यादेपर्यंत हो, 50:1 च्या जागी 45:1 झालं तर मशीनला कळणारही नाही. पण दुप्पट टाकलं की धूर होतो, प्लग काळा आणि ओला होतो, सायलेन्सरच्या आत जी बारीक जाळी असते ती कार्बनने बुजते आणि मशीन ताकद सोडते, मग माणूस म्हणतो कारबोरेटर गेला. सिलिंडरच्या धुराच्या तोंडाशी कार्बनचा थर जमतो, त्याचा तुकडा सुटून पिस्टन आणि सिलिंडरच्या मध्ये आला तर ओरखडा पडतोच.

अजून एक गोष्ट, जी मला स्वतःला कळायला दोन वर्षं लागली. कारबोरेटरच्या भोकातून जेवढं मिक्स जातं तेवढंच जातं. त्यात ऑइलचा वाटा वाढवला म्हणजे पेट्रोलचा वाटा कमी झाला, आणि हवा तेवढीच राहिली. म्हणजे ऑइल वाढवलं की जळणाच्या हिशोबाने इंजिन थोडं उपाशी चालतं, आणि उपाशी इंजिन जास्त तापतं. म्हणून माप वारंवार बदलू नये. एक ठरवा, त्यावर मेकॅनिककडून कारबोरेटर सेट करून घ्या, आणि मग तेच माप ठेवा.

चौथं काम: पेट्रोल

आता पंपावर जे साधं पेट्रोल मिळतं त्यात 20 टक्के इथेनॉल असतं, आणि बऱ्याच चेनसॉच्या पुस्तकात 10 टक्क्यांपर्यंत चालेल असं लिहिलेलं असतं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं, आणि कोकणातल्या पावसाळ्यात ओलावा काय असतो हे वेगळं सांगायला नको. पाणी जास्त झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून खाली बसतं, वर पेट्रोल राहतं. टाकीतली फिल्टरची नळी तर तळाशीच असते, म्हणजे इंजिन तळाचं ते पाणीच ओढणार, आणि त्यात ऑइल जवळजवळ नसतं. शिवाय रबराच्या नळ्या आणि कारबोरेटरचा पडदा कडक होतो.

बघायचं असेल तर घराबाहेर, चुलीपासून लांब, एक साधी परीक्षा करा. काचेच्या सरळ मापाच्या नळीत 10 मिली पाणी घ्या, 100 च्या रेघेपर्यंत साधं पेट्रोल, अजून ऑइल न टाकलेलं, ओता, तोंड बंद करून हलवा, दहा मिनिटं ठेवा. खालचा थर दहावरून पंचवीसच्या वर चढलेला दिसेल. वाढलेलं ते इथेनॉल, पाण्याने ओढून घेतलेलं. मी पहिल्यांदा केलं तेव्हा परत एकदा करून बघितलं, विश्वासच बसेना.

यावर उपाय दोन. एक्सपी 100 सारखं 100 ऑक्टेनचं पेट्रोल इथेनॉलशिवाय येतं, पण महाग आणि शहरातल्या मोजक्या पंपांवर. ज्याचं काम वर्षात दोन-चार वेळाच आहे त्याने तेच आणावं. रोज वापरणाऱ्याला साधं पेट्रोल चालतं, फक्त ताजं आणा, आठ-दहा दिवसांत संपेल एवढंच मिक्स करा, आणि रात्रभर टाकीत ठेवून विसरू नका. चांगल्या ऑइलचं मिक्सही महिन्याच्या वर ठेवू नये.

पाचवं काम: मिक्स करणं

टाकीत कधी मिक्स करू नका. आधी ऑइल, वर पेट्रोल, मग मशीन हलवली, असं करतात, पण ऑइल तळाशी बसतं, सुरुवातीला धूर आणि शेवटी कोरडं. कॅन घ्या, आधी निम्मं पेट्रोल ओता, मोजलेलं ऑइल टाका, झाकण लावून चांगलं हलवा, मग उरलेलं पेट्रोल ओता, परत हलवा. सिरिंजला चिकटलेलं ऑइल त्याच पेट्रोलने एकदा खेचून कॅनमध्ये सोडा. हे सगळं जमिनीवर ठेवून, मोकळ्या हवेत, बिडी सिगारेट लांब.

आणि लगेच, तिथल्या तिथे, कॅनवर लिहा: मिक्स, माप, तारीख. साध्या पेट्रोलचा कॅन वेगळ्या रंगाचा आणि वेगळ्या जागी. आमच्या घरी आता मिक्सचा कॅन लाल आणि त्याच्या मुठीला सुतळी बांधलेली, अंधारात हात लावला तरी कळतं.

तरी शंका आलीच की कॅनमध्ये साधं आहे की मिक्स, तर पांढऱ्या कागदावर एक थेंब टाका आणि सावलीत पाच मिनिटं ठेवा. साधं पेट्रोल उडून जातं, कागद कोरडा होतो. मिक्स असेल तर तेलकट डाग राहतो, उजेडाकडे धरला की भज्याच्या कागदासारखा पारदर्शक दिसतो. रंगावर भरवसा नको, ऑइल कंपनीगणिक वेगवेगळ्या रंगाचं असतं. डाग दिसला तरी माप किती आहे ते यातून कळत नाही, फक्त ऑइल आहे एवढं कळतं, म्हणून लिहिणं सोडू नका.

भरताना

मशीनला दोन टाक्या असतात, एक मिक्सची आणि एक चेन ऑइलची. झाकणाजवळ चित्र असतं, एकाला पेट्रोल पंपाचं, दुसऱ्याला चेन आणि थेंबाचं. नवीन माणूस इथे उलटं करतो, ते झालं तर मशीन सुरू न करता दोन्ही टाक्या पूर्ण रिकाम्या करा. चेन ऑइल हे पट्टीवरून चेन सहज सरकायला असतं, त्याचा आणि मिक्सच्या मापाचा काही संबंध नाही. प्रत्येक वेळी दोन्ही टाक्या एकदमच भरा.

कॅन आधी हलवा, मशीन थंड होऊ द्या, झाकणाभोवतीचा भुसा फडक्याने पुसा कारण तोच आत पडतो, गाळणीच्या नरसाळ्याने भरा. भरल्यावर दहा-बारा पावलं बाजूला जाऊन मगच दोरी ओढा, सांडलेल्या पेट्रोलजवळ नाही.

नवीन मशीन असेल तर पहिल्या तीन टाक्या लाकडाबाहेर फुल रेस देऊ नका. लाकडात काप, बाहेर काढलं की रेस सोड.

माप बरोबर बसलं का ते कसं कळणार

चार-पाच टाक्या झाल्या की काम संपल्यावर मशीन थंड करून प्लग काढा. टोकाजवळचा पांढरा भाग बिस्किटाच्या रंगाचा, फिकट तपकिरी असेल तर छान. काळा आणि ओला असेल तर ऑइल जास्त, किंवा जळण जास्त, किंवा एअर फिल्टर भुशाने बुजलाय, आधी फिल्टरच धुऊन बघा. अगदी पांढरा, भाजल्यासारखा असेल तर थांबा, मशीन वापरू नका, जळण कमी पडतंय, आणि ते ऑइल वाढवून सुटणार नाही, मेकॅनिककडेच न्या.

घरात ग्रास कटर असेल तर तो टू-स्ट्रोक आहे की फोर-स्ट्रोक हे बघून ठेवा. होंडाच्या जीएक्स35 सारख्या फोर-स्ट्रोक इंजिनला साधं पेट्रोल आणि खाली वेगळं इंजिन ऑइल लागतं, त्यात मिक्स घालायचं नाही. दोन्ही मशीन टू-स्ट्रोक असतील पण माप वेगळं असेल, एक 50:1 आणि एक 25:1, तर कॅन दोन ठेवा.

साधं पेट्रोल गेलंच तर

आवाज बारीक आणि तिखट व्हायला लागला, रेस सोडली तरी फेरे उतरेनात, किंवा कापता कापता ताकद गेली, तर त्याच क्षणी स्विच बंद करा. आणि दोरी ओढू नका. माझ्या भावाचं खरं नुकसान तिथे झालं, तापून फुगलेला पिस्टन जोर लावून फिरवला. अर्धा-पाऊण तास मशीन सावलीत ठेवा, पूर्ण गार होऊ द्या. मग प्लग काढून ठेवा, सायलेन्सर दोन-तीन बोल्टवर असतो तो खोला आणि समोरच्या भोकातून टॉर्च मारा. दोरी अगदी हळू, बोटभर बोटभर ओढत पिस्टन वरखाली करा आणि त्याची बाजू बघा. गुळगुळीत, एकसारखी चमक असेल तर वाचलात, टाकी पूर्ण रिकामी करा, थोडं ताजं मिक्स घालून हलवून तेही ओतून टाका, मग नवीन भरून दोन-तीन मिनिटं स्लोवर चालवा आणि मगच लाकडाला लावा. उभे ओरखडे दिसले तर सायलेन्सर परत लावायच्या भानगडीत पडू नका, तशीच पिशवीत घालून मेकॅनिककडे न्या आणि टाकीत काय होतं ते त्याला खरं सांगा, म्हणजे तो कारबोरेटर शोधत बसणार नाही.